समस्या घालणारा राजा नसलेला कवी : गजानन माधव मुक्तिबोध

राजाने कवितेचा एक चरण उच्चारावा आणि कवींनी उरलेले चरण रचून तो पुरा करावा, अशी समस्यापूर्तीची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. माळव्यात भोजराजा आणि कालिदास यांच्या नावावर अशा कितीतरी दंतकथा सांगतात. वर्गात गुरुजी फळ्यावर निबंधाचा विषय लिहितात, तीही एक समस्याच होय. विषय मिळाला नाही की आमची लेखणी अडते. अशा वेळी माळव्यातीलच उज्जयिनीत घडलेल्या एका मराठी घरातील कवीचे चरित्र आम्हांस बोधप्रद वाटते.

गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. त्यांचे पूर्वज मूळचे जळगावचे. वडील माधवराव पोलीस खात्यात होते. त्यांच्या वारंवार बदल्या होत, त्यामुळे मुलाच्या शिक्षणात खंड पडे. १९३० साली उज्जयिनीस मिडलच्या परीक्षेत गजानन नापास झाले. हे अपयश त्यांनी कधी लपविले नाही. आयुष्यातील पहिली महत्त्वाची घटना म्हणून ते त्याचा उल्लेख करीत. आई पार्वतीबाईंनी त्यांना प्रेमचंदांच्या साहित्याची गोडी लावली. घरची भाषा मराठी असूनही त्यांनी लेखनासाठी हिंदी स्वीकारली. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील नामवंत कवी झाले. उज्जयिनीच्या माधव महाविद्यालयात शिकत असताना, १९३५ च्या सुमारास, गजाननांच्या काव्यलेखनास आरंभ झाला.

पुढे उदरनिर्वाहासाठी त्यांना फार वणवण करावी लागली. बडनगर, शुजालपूर, उज्जयिनी, काशी, जबलपूर, नागपूर अशा अनेक गावी त्यांनी कधी शिक्षकी, कधी पत्रकारिता, तर कधी नभोवाणीवर नोकरी केली. १९४३ मध्ये ‘तार सप्तक’ या संग्रहातील सात कवींत त्यांची गणना झाली; पण दारिद्र्याने पाठ सोडली नाही.

त्यांना समस्या घालणारा राजा कोणी नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःला प्रश्न घातले. जबलपूरच्या ‘वसुधा’ मासिकात त्यांनी साहित्यिकाची रोजनिशी लिहिली. तीत एक मित्र शंका काढतो, लेखक उत्तर शोधतो आणि त्या उत्तरातूनच नवी शंका उभी राहते. कलेचे तीन क्षण असतात, असा विचार त्यांनी तेथे मांडला. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो व कल्पनाचित्र होऊन डोळ्यांपुढे उभा राहतो. तिसऱ्या क्षणी त्याला शब्द मिळू लागतात आणि शब्द शोधता शोधता ते चित्रही पालटत जाते. आम्ही विद्यार्थी मात्र एकदम तिसऱ्या क्षणावर उडी घेतो आणि मग विषय सुचत नाही म्हणून कुरकुरतो!

१९५८ मध्ये राजनांदगावच्या महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळून त्यांना थोडे स्थैर्य लाभले. ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता त्यांनी कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा घडविली. परंतु १९६४ च्या आरंभी पक्षाघाताने त्यांना गाठले आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह निघाला नव्हता. आज मात्र आधुनिक हिंदी काव्याचा इतिहास त्यांच्या नावावाचून पुरा होत नाही.

परीक्षेत नापास झालेला हा मुलगा जन्मभर आपल्याच प्रश्नांची उत्तरे लिहीत राहिला. फळा कोरा असेल त्या दिवशी आम्हीही आपल्या मनाला एखादा प्रश्न विचारून पाहावा, एवढे तरी त्यांच्या चरित्रापासून आम्हांस शिकता येईल.