शब्द वेचणारा कप्तान

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने निघालात की शिवाजीनगरनंतर खडकी स्टेशन लागते. या खडकीच्या परिसरात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रज जिंकले आणि पुढच्याच वर्षी पेशवाई संपली.

राज्य हाती आले, पण कारभार कसा चालवायचा? शेतकऱ्याचा अर्ज मराठीत, सावकाराचा कागद मराठीत, भांडणाची फिर्यादही मराठीत. गोऱ्या अधिकाऱ्याला त्यातले अर्धेअधिक शब्द कळत नसत. विल्यम केरी यांचा एक छोटा मराठी-इंग्रजी कोश १८१० साली बंगालमध्ये छापला गेला होता, परंतु रोजच्या कामाला तो पुरत नसे.

ही अडचण एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने मनावर घेतली. त्याचे नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ. त्यांचा जन्म १७९५ सालचा. अगदी कोवळ्या वयात ते कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आले. १८१८ साली सोलापूरला असताना त्यांनी ऐकलेले मराठी शब्द टिपून ठेवायला सुरुवात केली. मोठा कोश करू द्यावा, असे त्यांनी सरकारला कळवले, तेव्हा सरकारने आधी दाद दिली नाही. अखेर १८२५ साली मंजुरी मिळाली.

आता तुम्हीच विचार करा. कोशात शब्द येतात कुठून? मोल्सवर्थ यांच्या मदतीला थॉमस कँडी व जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ होते आणि बरेच शास्त्रीपंडित होते. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले ही त्यांपैकी काही नावे. शब्द जमवायचे, त्यांची छाननी करायची, एकेका शब्दाचे सगळे अर्थ विचारून घ्यायचे, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. या पंडितांनी केलेला मराठीचा मराठी कोश १८२९ साली निघाला आणि १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. पुस्तकावर साहेबाचे नाव मोठे दिसते, पण शास्त्र्यांवाचून हे काम झालेच नसते, हे विसरू नका.

या कोशाची एक गोष्ट तुम्हांला विशेष आवडेल. मोल्सवर्थ यांनी केवळ पोथीतले शब्द घेतले नाहीत. शेतातले, बाजारातले, कचेरीतले, अगदी हलके समजले जाणारे शब्दही त्यांनी घेतले. शब्द कोणत्या भाषेतून आला, हे दाखवायला त्याच्यापुढे एक खुणेचे अक्षर दिले. कागद, बाजार, जमीन हे फारसीतून आलेले आणि किल्ला, वकील, तारीख हे अरबीतून आलेले शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. मराठीत येऊन काहींनी आपला अर्थ बदलला. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, तर मराठीत तालीम म्हणजे व्यायामाची, कुस्तीची जागा. उर्दूत मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे ते, तर मराठीत मजकूर म्हणजे लिहिलेली हकीकत. असे शब्द परके म्हणून गाळले असते, तर मराठी माणसाचे अर्धे बोलणे कोशाबाहेर राहिले असते. माझ्या मते मोल्सवर्थ यांचे खरे शहाणपण इथेच दिसते.

मग त्यांनी इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला. पण प्रकृती ढासळली आणि १८३६ साली त्यांना इंग्लंडला परत जावे लागले. ते अर्धे राहिलेले काम थॉमस कँडी यांनी पूर्ण केले आणि तो कोश १८४७ साली निघाला. आपल्या धर्मनिष्ठेला लष्करी पेशा पटत नाही म्हणून मोल्सवर्थ यांनी फौजेची नोकरीही सोडली होती.

तरी मराठीने त्यांना सोडले नाही. पहिल्या कोशाची सुधारून वाढवलेली आवृत्ती काढण्यासाठी ते १८५१ साली पुन्हा हिंदुस्थानात आले. तेव्हा त्यांचे वय छप्पन्न होते. पुन्हा तेच शब्द तपासणे आणि राहिलेले शब्द घालणे सुरू झाले. १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा शब्दांची संख्या सुमारे साठ हजारांवर गेली होती. वाढलेले हे शब्द सगळेच नवे नव्हते. पुष्कळ शब्द लोकांच्या तोंडी केव्हाचेच होते, ते आता कुठे कागदावर आले. इंग्रजीचा प्रसिद्ध ऑक्सफर्ड कोश आज वर्षातून चार वेळा नवे शब्द आपल्यात घेतो. त्या कोशाचा पहिला भाग १८८४ साली छापला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे मराठीतले हे काम किती आधीचे आहे ते कळेल.

मराठी लोकांनी या साहेबाचे नाव आपल्या जिभेला सोपे करून घेतले होते. ते त्यांना मोलेसरशास्त्री म्हणत. पुढे ते इंग्लंडला परतले आणि १८७१ साली तेथेच वारले. त्यांचा कोश १९७५ साली पुण्यात पुन्हा छापण्यात आला. आता तो संगणकावरही पाहता येतो. कधी संधी मिळाली तर त्यात तालीम हा शब्द शोधा आणि त्याच्यापुढची खूण पाहा.