सलीम अली

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली (जन्म : १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई, मृत्यू : २० जून १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, लेखक व निसर्गसंरक्षक होते. भारतातील पक्ष्यांची शास्त्रशुद्ध पाहणी त्यांनी केली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) ही हौशी निसर्गप्रेमींची संस्था संशोधनसंस्था म्हणून नावारूपाला आणली.

बालपण आणि शिक्षण

मुंबईच्या खेतवाडीतील एका सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा ठिपका दिसला. तिची ओळख पटवून घेण्यासाठी मामांनी त्यांना बीएनएचएसचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह त्यांना दाखविला. पक्ष्यांची कातडी काढून त्यात पेंढा कसा भरावा, हेही त्यांना तेथेच शिकायला मिळाले.

ही संस्था १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी स्थापन केली होती. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते.

महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून सलीम अली ब्रह्मदेशातील तवॉय येथे कुटुंबाचा खाण व इमारती लाकडाचा व्यवसाय पाहण्यासाठी गेले. मात्र त्यांचे लक्ष भोवतालच्या रानाकडेच अधिक राहिले. १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी वाणिज्यशिक्षणाबरोबरच सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

संशोधन

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिन येथे एर्विन श्ट्रेसेमान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९३० मध्ये परत आल्यावर, पैशांअभावी त्यांचे पद रद्द झाल्याचे त्यांना कळले. तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरील गावी राहावयास गेले.

नोकरी गेल्यानंतरच्या या काळातच त्यांचे गाजलेले संशोधन झाले. नर सुगरण खोपा अर्धवट विणतो, मादीने तो पसंत केल्यावर पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणावयास घेतो, हे त्यांनी दीर्घ निरीक्षणातून दाखवून दिले.

त्यानंतर त्यांनी हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ आदी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. संस्थानांनी प्रवासाचा व तळाचा खर्च द्यावा, मानधन नको, अशी त्यांची अट असे. या भटकंतीत तेहमिना त्यांच्या सोबत असत. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले.

१९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ या ग्रंथाने सामान्य वाचकांत पक्षिनिरीक्षणाची आवड निर्माण केली. सिडनी डिलन रिप्ली यांच्यासमवेत लिहिलेला भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६४ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला.

संस्थाकार्य आणि संरक्षण

स्वातंत्र्यानंतर बीएनएचएस आर्थिक अडचणीत आली, तेव्हा सलीम अली यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्याकडे मदत मागून ती सावरली. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने संस्थेने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून रोग पसरतात काय, हे त्यातून तपासावयाचे होते. त्याचबरोबर स्थलांतराचे मार्गही उलगडत गेले.

भरतपूरची पाणथळ जागा आणि केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचविण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. भरतपूर येथे गुरांची चराई थांबवावी, असे त्यांचे मत होते. १९८२ मध्ये तेथे चराईबंदी लागू झाली. गावकऱ्यांनी विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात काहींचा बळी गेला. पुढे बीएनएचएसच्याच दीर्घ अभ्यासातून असे दिसून आले की, म्हशी चरत नसल्याने गवत माजून पाणी व्यापते आणि त्याचा पाणपक्ष्यांना उपद्रव होतो. स्थानिक लोकांना वगळून संरक्षण करता येते काय, या चर्चेत भरतपूरचे उदाहरण आजही दिले जाते.

सन्मान आणि स्मृती

त्यांना पद्मभूषण (१९५८) व पद्मविभूषण (१९७६) हे किताब मिळाले. १९७६ मध्ये मिळालेल्या जे. पॉल गेटी पुरस्काराच्या रकमेतून त्यांनी निसर्गसंरक्षण निधी उभारला. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावात लहानपणीची ती चिमणी आहे.

गोव्यातील चोडण बेटावरील पक्षी अभयारण्य व कोइंबतूर येथील पक्षिशास्त्र संशोधन केंद्र यांना त्यांचे नाव दिलेले आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा अखेरचा दिवस म्हणजे सलीम अली यांची जयंती होय.