बालोद्यानाचा माळी : फ्रेडरिक फ्रोबेल

लहान मूल खेळू लागले की वडील माणसांस तो बहुधा वेळेचा अपव्यय वाटतो. लाकडाचे चार ठोकळे एकावर एक रचणे, मातीच्या भाकरी थापणे, सुताराप्रमाणे रंधा मारण्याचे सोंग करणे, यांत शिकण्यासारखे काही असेल ही कल्पना दोनशे वर्षांपूर्वी फारच थोड्यांच्या मनास शिवली होती. परंतु अशा खेळांतूनच मूल आपल्या गावाची, तेथील कारागिरांची व त्यांच्याशी असलेल्या स्वतःच्या नात्याची ओळख करून घेत असते. हे ज्याने ओळखले आणि त्यापायी दारिद्र्य, उपहास व सरकारचा रोष हे सर्व सोसले, त्या फ्रेडरिक फ्रोबेलचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य वाचण्याजोगे आहे.

फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात ओबरवाइसबाख या डोंगराळ खेड्यात झाला. वडील तेथील धर्मोपदेशक होते. मूल वर्षाचे होण्यापूर्वीच आई वारली. वडील आपल्या कामात गढलेले आणि सावत्र आईला स्वतःचे मूल झाल्यावर याच्याविषयी ओढा उरला नाही. अशा स्थितीत त्या एकाकी बालकाला घरामागील बागेचाच काय तो विसावा होता. दहाव्या वर्षी मामाने त्याला स्टाटइल्म येथे आपल्या घरी नेले, तेव्हा कोठे त्याला मोकळेपणाने खेळावयास मिळाले. ज्याचे स्वतःचे बाळपण करपले, त्यानेच पुढे इतरांच्या बाळपणासाठी जन्म वेचावा, हा योगायोग विलक्षण खरा.

तारुण्यात त्याला आपला मार्ग लवकर सापडला नाही. पंधराव्या वर्षी तो एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीस राहिला. पुढे येना येथील विद्यापीठात गेला, तेथे कर्जापायी त्यास काही आठवडे कोठडीतही राहावे लागले. १८०५ साली फ्रँकफर्ट येथे वास्तुविद्या शिकण्याच्या हेतूने गेला असता एका शाळेत शिक्षकाची जागा मिळाली आणि आपला खरा धर्म हाच, अशी त्याची खात्री झाली. स्वित्झर्लंडमधील इव्हर्डन येथे जाऊन त्याने थोर शिक्षक पेस्तालोझी याची पद्धती जवळून पाहिली. १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धात तो स्वयंसेवक झाला. तेथे लांगेथाल व मिडेनडॉर्फ हे दोन जिवाचे सोबती त्यास लाभले. १८१६ साली आपल्या पाच पुतण्यांना घेऊन त्याने शाळा काढली. पुढल्याच वर्षी ती कैलहाऊ या गावी नेण्यात आली. ‘मानवाचे शिक्षण’ हा त्याचा ग्रंथ १८२६ साली प्रसिद्ध झाला.

अनेक वर्षे मोठ्या मुलांना शिकविल्यावर त्याला कळून चुकले की, शाळेत येण्यापूर्वीची वर्षे फुकट दवडली असता पुढील शिक्षणाचा पायाच कच्चा राहतो. म्हणून पंचावन्नाव्या वर्षी, १८३७ साली, त्याने ब्लांकेनबुर्ग येथे चिमुकल्या मुलांसाठी संस्था उघडली. त्यांच्या हाती पुस्तक न देता त्याने खेळवस्तू दिल्या. त्यांस तो देणग्या म्हणे. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, नळकांडे व घन यांची. तिसरी आठ लहान घनांत विभागलेल्या एका घनाची. याच आठ तुकड्यांतून मुलाने कधी खुर्ची करावी, कधी विहीर, कधी पूल. कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्या विणणे, मातीच्या आकृती करणे, भिजविलेल्या वाटाण्यांत काड्या खोवून घराचा सांगाडा उभारणे, असे उद्योगही त्याने योजले.

१८४४ साली मातांसाठी त्याने चित्रे, गाणी व हातांचे खेळ यांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सुतार, गाडीची चाके करणारा, कोळसे पाडणारा असे गावचे कष्टकरी येतात आणि मुलाची बोटे त्यांच्या कामाची नक्कल करतात. पोळी थापण्याच्या खेळात मूल भट्टीवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत व तेथून शेतापर्यंत जाऊन पोहोचते. आपल्या ताटातील घासामागे किती हात राबतात हे उपदेशावाचून, खेळता खेळता मनावर ठसते. बागेतही हाच बोध असे. प्रत्येक मुलास स्वतःचा लहानसा वाफा आणि भोवती सर्वांचे सामाईक वाफे. आपला वाफा राखावा आणि सर्वांच्या वाफ्यासही पाणी घालावे, हा नागरिकत्वाचा पहिला धडा होय.

या संस्थेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव त्याला रानातून चालता चालता सुचले. २८ जून १८४० रोजी त्या नावाने तिची स्थापना झाली. तथापि पैशाअभावी ब्लांकेनबुर्ग येथील बाग १८४४ साली बंद पडली. त्याने धीर सोडला नाही. गावोगाव हिंडून त्याने आपले म्हणणे मांडले आणि हे काम करण्यास तरुण स्त्रियांना तयार केले. लीबेनश्टाइन येथे खेड्यातील पोरांबरोबर उड्या मारणाऱ्या या पिकल्या केसांच्या गृहस्थास लोक वेडा म्हातारा म्हणत. १८४९ साली बेर्था फॉन मारेनहोल्ट्झ ब्यूलो या विदुषीने मात्र त्या वेडातील शहाणपण ओळखले.

खरा आघात पुढेच होता. ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने नास्तिकपणा व समाजवाद पसरवितात असा आरोप ठेवून या बागांवर बंदी घातली. कार्ल फ्रोबेल या पुतण्याच्या लिखाणाचा रोख काकावर आला होता. ती चूक दाखवून देऊनही हुकूम मागे घेतला गेला नाही. मुलांना ईश्वराच्या सृष्टीची ओळख करून देण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्यावरच असा आरोप यावा, हे त्याच्या फार जिव्हारी लागले. २१ जून १८५२ रोजी मारियनथाल येथे त्याने देह ठेवला. श्वाइना येथील त्याच्या समाधीवर गोल, नळकांडे व घन या त्याच्याच खेळवस्तू दगडात घडविलेल्या आहेत.

बंदी १८६० साली उठली. तोपर्यंत त्याच्या अनुयायांनी हे बीज परदेशी नेले होते. अमेरिकेत १८५६ साली मार्गारेटे शुर्झ हिने वॉटरटाउन येथे पहिली बाग लावली. आपल्याकडील ‘बालवाडी’ या शब्दातही वाडीचा, म्हणजे बागेचा, अर्थ दडलेला आहे. सरकारी हुकुमाने कुंपण मोडता येते, परंतु मातीत रुजलेले बीज उपटता येत नाही. घरी धाकटे भावंड ठोकळे मांडून बसले असेल, तर आपल्या अभ्यासास अडथळा होतो म्हणून त्याला उठवू नये. तेही अभ्यासच करीत आहे.