बस्टर कीटन : ‘द रेलरॉडर’च्या निमित्ताने

विनोदी नटाचे चरित्र बहुधा त्याच्या ऐन बहरातील कृतींच्या आधारे लिहिले जाते. बस्टर कीटनच्या बाबतीत मात्र उत्तरायुष्यातील एक अल्पपरिचित लघुपटही तितकाच बोलका ठरतो.

४ ऑक्टोबर १८९५ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, पिक्वा या गावी, फिरत्या रंगमंचावरील कलावंत दांपत्याच्या पोटी कीटनचा जन्म झाला. आपटावे, उठावे आणि चेहऱ्यावरची रेषा हलू देऊ नये, हे शिक्षण त्याला बालपणीच आईवडिलांबरोबर रंगमंचावर मिळाले. १९१७ मध्ये रॉस्को आर्बकलमुळे तो चित्रपटसृष्टीत आला. १९२० पासून त्याचे स्वतःचे दोन रिळांचे विनोदपट प्रदर्शित होऊ लागले. आज श्रेष्ठ मानला जाणारा ‘द जनरल’ (१९२६) त्या काळी अयशस्वी ठरला. १९२८ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीशी करारबद्ध होताच त्याचे निर्मितिस्वातंत्र्य आक्रसत गेले. मद्यासक्ती बळावली आणि १९३३ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकले. पुढे इतरांच्या चित्रपटांसाठी विनोदी प्रसंग रचून देण्यात त्याची अनेक वर्षे गेली.

१९६४ मध्ये त्याने दोन लघुपटांत काम केले. सॅम्युअल बेकेटलिखित ‘फिल्म’मध्ये त्याचा चेहरा जवळजवळ अखेरपर्यंत कॅमेऱ्यापासून लपविलेला आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी जेराल्ड पॉटरटनने दिग्दर्शित केलेल्या ‘द रेलरॉडर’मध्ये मात्र त्याला मोकळे आकाश मिळाले. लंडनमध्ये कॅनडाची जाहिरात वाचून नायक थेम्समध्ये उडी घेतो, थेट कॅनडाच्या किनाऱ्यावर निघतो आणि रेल्वेच्या मोटार-ट्रॉलीवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे देश ओलांडतो. ट्रॉलीतील एका पेटीतून चहाच्या सरंजामापासून हवी ती वस्तू निघते. संवाद नाहीत. असंभाव्य घटनाही नित्याची असल्याप्रमाणे स्वीकारणारी नायकाची गंभीर वृत्ती, हेच या लघुपटाच्या माधुर्याचे मर्म होय.

चित्रीकरणाच्या वेळी उंच पुलावरून जाताना भल्यामोठ्या नकाशात गुरफटण्याचा प्रसंग कीटनला हवा होता. दिग्दर्शकाला तो धोकादायक वाटला. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कीटनने आग्रह धरून तो स्वतः साकारला. १९२८ नंतर हिरावला गेलेला निर्णयाचा अधिकार येथे, एका प्रसंगापुरता का होईना, त्याने परत मिळविला. म्हणूनच या लघुपटाला त्याच्या चरित्रात पर्यटनप्रचारापलीकडचे स्थान आहे.

शेवटी पॅसिफिकच्या काठी समुद्रातून वर आलेला एक जपानी गृहस्थ ट्रॉली घेऊन निघून जातो आणि नायक रुळांवरून पायी परत फिरतो. १९६५ मध्ये हा लघुपट प्रदर्शित झाला. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने कीटनचे निधन झाले.