शस्त्र कोठे थांबवावे हे शिकवणारे अबुल कासिम जहरावी (रह.)

मुस्लिम शास्त्रज्ञांची नावे घेताना आपण त्यांच्या शोधांची यादी सांगतो आणि अभिमान बाळगतो. अबुल कासिम जहरावी यांच्याबाबतीत तर ही यादी मोठीच आहे. परंतु आज त्यांच्या चरित्रातील एका वेगळ्या गुणाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. ज्या शल्यविशारदाने सुमारे दोनशे शस्त्रांची वर्णने व चित्रे जगाला दिली, त्यानेच शस्त्र कोठे उचलू नये हेही तितक्याच कळकळीने लिहून ठेवले.

त्यांचे पूर्ण नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास जहरावी. जन्म इ.स. ९३६ च्या सुमारास, स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळच्या मदीनतुज्जहरा येथे. खलीफा अब्दुर्रहमान तृतीय यांनी वसवलेल्या या राजनगरीवरूनच त्यांना जहरावी म्हणतात. त्यांच्या नावापुढे अन्सारी हे उपपदही आढळते. म्हणजे मदीनेच्या अन्सारांशी त्यांचे कुळ जोडले जाते. त्यांचे आयुष्य कुर्तुबा परिसरातच रुग्णसेवेत आणि अध्यापनात गेले.

या दीर्घ अनुभवातून 'अत्तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचा तिसावा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात डाग देणे, चिरफाड व जखमांचे उपचार आणि हाडे बसवणे असे तीन विभाग आहेत. त्याच्या प्रस्तावनेत जहरावींनी आपल्या शिष्यांसमोर काही दुःखद घटना मांडल्या आहेत. एका वैद्याने स्त्रीच्या मानेवरील गाठ कापताना धमन्या तोडल्या आणि ती रक्तस्रावाने दगावली. दुसऱ्याने एका वृद्धाच्या मूत्राशयातील मोठा खडा काढायला घेतला. खड्याबरोबर मूत्राशयाचा तुकडाही निघाला आणि काही दिवसांतच रुग्ण गेला. शरीररचनेचे ज्ञान नसताना शस्त्र हाती घेणे म्हणजे माणसाचा जीव घेणे होय, हा त्या प्रस्तावनेचा सारांश आहे. वाचकहो, आपल्या फिक्हमध्येही वैद्यक न जाणता उपचार करणाऱ्यावर झालेल्या हानीची जबाबदारी टाकली आहे, हे येथे आठवावे.

याच भागात धमनीच्या फुगवट्यावर एक प्रकरण आहे. आजचे डॉक्टर ज्याला अॅन्युरिझम म्हणतात तो हा विकार. धमनीला जखम होते, वरची कातडी भरून येते, पण आतून धमनी फुगत राहते. हा फुगवटा धमनीचा की शिरेचा हे कसे ओळखावे, ते जहरावींनी सांगितले आहे. धमनीचा फुगवटा लांबट व खोल असतो आणि बोटाने दाबले असता आत आवाज झाल्यासारखे जाणवते. शिरेचा गोल आणि वरवर असतो. मग ते स्पष्ट बजावतात की, काख, जांघ, मान अशा ठिकाणचा आणि आकाराने मोठा फुगवटा कापण्याच्या फंदात पडू नये. जेथे उपचार शक्य आहे, तेथे धमनी मोकळी करून दोन ठिकाणी दोऱ्याने बांधावी व मगच मधला भाग उघडावा. म्हणजेच आधी निदान, मग धोक्याचा अंदाज आणि सर्वांत शेवटी शस्त्र.

मूत्रपिंडाच्या म्हणजे किडनीच्या धमनीला येणारा फुगवटा पोटात खोल असतो. तो जहरावींच्या बोटांच्या आवाक्याबाहेरचा होता. आज सोनोग्राफीत त्याची चाहूल लागते आणि सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत तो स्पष्ट दिसतो. बहुतेकदा त्रास काहीच नसतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत तो सापडतो. काहींना उच्च रक्तदाब, कुशीत दुखणे किंवा लघवीतून रक्त जाणे अशी लक्षणे असतात.

रिपोर्टमध्ये हा शब्द वाचून घर हादरते. काही जण लगेच ऑपरेशनची घाई करतात, तर काही जण रिपोर्ट कपाटात ठेवून विसरून जातात. दोन्ही टोके चुकीची आहेत. पूर्वी दोन सेंटिमीटरच्या फुगवट्यावर शस्त्रक्रिया सुचवली जाई; आता त्रास नसेल तर साधारणपणे तीन सेंटिमीटरपर्यंत ठरावीक काळाने तपासणी करत, रक्तदाब ताब्यात ठेवून लक्ष ठेवतात. मोठ्या किंवा त्रासदायक फुगवट्यावर उपचार लागतो. काही वेळा जांघेतून बारीक नळी नेऊन आत तारेची वेटोळी किंवा स्टेंट बसवतात, तर काही वेळा उघडी शस्त्रक्रिया करतात.

एका बाबतीत मात्र लहान आकारावर विसंबता येत नाही. गरोदरपणात हा फुगवटा फुटण्याचा धोका वाढतो आणि आई व बाळ दोघांचेही प्राण संकटात येतात. म्हणून अपत्याची शक्यता असलेल्या स्त्रीमध्ये, प्रकृती झेपणारी असेल तर, लहान फुगवट्यावरही उपचार सुचवतात. घरातील सुनेच्या किंवा लेकीच्या रिपोर्टमध्ये असे काही आढळले, तर लाजेपोटी ते दडवू नका. गर्भधारणेआधीच रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाला दाखवा. फुगवटा असलेल्या व्यक्तीच्या कुशीत अचानक असह्य कळ आली, घेरी आली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठा.

जहरावींच्या हयातीतच कुर्तुब्यात यादवी माजली आणि मदीनतुज्जहरा लुटले गेले. इ.स. १०१३ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. नगरी उद्ध्वस्त झाली, ग्रंथ मात्र उरला. बाराव्या शतकात तुलैतुला, म्हणजे टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी त्याच्या शस्त्रक्रियेच्या भागाचे लॅटिन भाषांतर केले आणि युरोपातील शल्यविशारद कित्येक शतके त्यावर शिकले. आपल्या देशात पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयातही या ग्रंथाचे सचित्र हस्तलिखित जपलेले आहे.

जहरावींनी शिष्यांना शस्त्रक्रियेचे दोन प्रकार सांगितले होते : एक ज्यात सुरक्षितता आहे आणि दुसरा ज्यात बहुधा धोकाच आहे. दुसऱ्यापासून दूर राहण्यास सांगताना त्यांनी दुनियेतील अब्रू आणि आखिरतमधील मोबदला या दोहोंची आठवण करून दिली. वाचकहो, डॉक्टर जेव्हा आज ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा तपासू, असे सांगतात, तेव्हा त्याला टाळाटाळ समजू नका. थांबणे हाही उपचारच आहे. फक्त दिलेली तारीख चुकवू नका.