जमीन नासेल या भीतीने दोन वर्षं पडून राहिलेला नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

सोलापूरहून विजापूर-गदगकडे जाणारी रेल्वे होटगी जंक्शनला मुख्य मार्ग सोडते. गावाबाहेर पडलं की या भागाची ओळखीची शेती दिसते : काळी जमीन, रब्बीची ज्वारी आणि काढणीनंतर रचलेल्या कडब्याच्या गंजी. आता समजा, साल १९०३ आहे आणि तुम्हाला इथल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकायचा आहे. त्याच्या बापजाद्यांची हयात लाकडी नांगरावर गेली आहे. तो तुमचा नांगर का घेईल?

त्या वर्षी हाच प्रश्न बेळगावात एका माणसासमोर उभा होता. त्याचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. नांगर तयार होता, चांगला होता, पण दोन वर्षं तो कोणी घेतलाच नाही.

आज धंद्याचं कोणतंही शिबिर घ्या, पहिला धडा एकच असतो : आधी गिऱ्हाइकाला विचारा, मग माल बनवा. लक्ष्मणरावांची गोष्ट हा धडा शिकवते. पण गिऱ्हाइकाला नेमकं काय विचारायचं, हेही ती सांगते आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, ओढ होती चित्रांची आणि यंत्रांची. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पाठबळ दिलं आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की आपल्याला काही रंगांतला फरक नीट दिसत नाही. चित्रकलेची वाट तिथेच संपली. मग त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतलं आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी धरली.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे दोघा भावांचं सायकलींचं दुकान होतं, किर्लोस्कर ब्रदर्स. सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती, त्यामुळे नुसती विकून भागत नसे. घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवावं लागे.

कडबा कापणारं यंत्र आणि मग नांगर

दुकानाच्या जोडीला लक्ष्मणरावांनी छोटा कारखाना काढला. सुरुवातीच्या मालात होतं कडबा कापायचं यंत्र. ज्वारीच्या पट्ट्यात त्याचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. अख्खी पेंढी जनावरापुढे टाकली की ते पानं आणि शेंडे खातं, जाड बुडखे तुडवून टाकतं. बारीक कुट्टी केली की तोच कडबा जास्त दिवस पुरतो. नुकसान रोज गोठ्यात डोळ्यांना दिसत होतं आणि यंत्र चाललं नाही, तरी जमिनीला किंवा पिकाला धोका नव्हता.

नांगराचं तसं नव्हतं. विलायती लोखंडी नांगर तेव्हा बाजारात होते. तसा नांगर इथेच बनवायचा, असं लक्ष्मणरावांनी ठरवलं. कामात तो सरस होता. लाकडी नांगर माती चिरत जातो, तर लोखंडी नांगर ती उचलून पलटतो. त्यामुळे हरळी-कुंद्यासारख्या चिवट तणांच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात.

तरीही शेतकरी तो घेईनात. लोखंडामुळे जमिनीत विष भिनेल आणि ती नापीक होईल, अशी त्यांची समजूत होती.

ही नुसती अंधश्रद्धा होती का?

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथे शेतकऱ्याला अडाणी ठरवून पुढे जातात. आपण जरा थांबून त्या शेतकऱ्याची तेव्हाची परिस्थिती पाहू.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ दख्खनने नुकतेच सोसले होते. चाऱ्यापाण्यावाचून जनावरं मेली होती. जे बैल उरले, त्यांच्यावरच सगळी मशागत होती. डोक्यावर सावकाराचं कर्ज होतं. अशा वेळी नव्या अवजाराने एक हंगाम बिघडवला असता, तर जमीनच हातची गेली असती.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. लाकडी नांगर गावातच घडत असे. मोडला तर सुतार आणि लोहार नीट करून देत आणि बलुत्याचं धान्य सुगीला घेत. रोकड लागत नसे. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसे मोजायचे. ऐन नांगरटीत त्याचा फाळ मोडला तर? तो ओतून देणारी भट्टी गावात नव्हती.

म्हणजे जमीन नासेल या भीतीमागे आणखीही प्रश्न असू शकत होते. माझे बैल हा ओढतील का? मोडला तर कोण नीट करून देईल? पीक बुडालं तर भरपाई कोण करेल? कारखान्यात बसून नांगराकडे पाहिलं तर यातला एकही प्रश्न दिसत नाही. शेतात उभं राहिलं की सगळे दिसतात.

पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. गिऱ्हाइकाच्या मनातलं जाणून घेण्याची ही सर्वांत महागडी पद्धत. आधी माल बनवायचा, त्यात पैसा गुंतवायचा आणि मग नकार ऐकत बसायचं. लक्ष्मणराव त्यातूनही टिकले, कारण त्यांनी नांगर सोडला नाही आणि शेतकऱ्यालाही सोडलं नाही.

माळरानावरची वाडी

नांगराचा जम बसू लागला तोच बेळगाव नगरपालिकेने वसाहतीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा मागितली. त्या वेळी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर उजाड जमीन आणि कर्जाऊ रक्कम त्यांनी दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर मार्च १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसायला लागली. पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळालं.

वाडीत पुढे निघालेल्या मालाकडे पाहा : उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, पाण्याचे पंप. शेतकऱ्याचे हात, बैल आणि वेळ जिथे जास्त खर्च होत होते, तिथलीच ही कामं आहेत.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचं छोटं नियतकालिक सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायची, हा हेतू. त्याचंच पुढे किर्लोस्कर मासिक झालं आणि मराठी घराघरांत गेलं.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म सोलापूरचा. वर्षही तेच, नांगराचं, १९०३. त्यांनी उद्योग इंजिनांपर्यंत वाढवला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

मग विचारायचं काय?

आता पुन्हा होटगीच्या त्या शेतकऱ्याकडे येऊ. १९०३ मध्ये त्याला लोखंडी नांगर घेशील का, असं सरळ विचारलं असतं तर उत्तर नाही असंच आलं असतं. ते ऐकून लक्ष्मणरावांनी विचार सोडला असता, तर नांगर झालाच नसता. म्हणजे घेणार का, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. नव्या वस्तूबद्दल लोक एक तर घाबरून नाही म्हणतात, नाही तर भिडेखातर हो म्हणतात.

विचारायचं असतं ते त्याच्या कामाबद्दल. हे रान नांगरायला किती दिवस लागतात? किती बैलजोड्या लागतात? तण किती वेळा काढावं लागतं? मागच्या वर्षी अवजार मोडलं तेव्हा काय केलं? या प्रश्नांची उत्तरं माणूस अनुभवातून देतो, त्यामुळे ती खरी असतात. त्यानंतर त्याच्या बांधावर जाऊन वस्तू चालवून दाखवायची आणि कोण पैसे काढतो ते बघायचं.

आज सोलापुरात कडक भाकरीचा घरगुती धंदा काढायचा असो की मोबाइलवरचं ॲप, हिशेब तोच आहे. तुमची भाकरी आवडेल का, असं विचारलं तर सगळे हो म्हणतील. त्याऐवजी सध्या भाकरी कोण करतं, बाहेरून कधी आणता, उरलेल्या भाकरीचं काय होतं, हे विचारा. मग दहा घरांकडून पुढच्या आठवड्याची आगाऊ मागणी घ्या. दहातल्या दोघांनीच पैसे दिले, तर उरलेल्या आठ जणांकडे परत जा आणि त्यांची अडचण समजून घ्या. पिठाची पोती भरायची ती त्यानंतर.