निरोप घेत राहिलेला डॉक्टर

डेव्हिड लिव्हिंग्स्टन म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक, व्हिक्टोरिया धबधबा आणि दुसरी, स्टॅन्लीने त्याला आफ्रिकेच्या जंगलात शोधून काढलं ती भेट. जनरल नॉलेजला दोन मार्क, संपलं! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला तिसरी गोष्टही माहीत होती : तो मिशनरी होता. आमच्या शाळेत मिशनरी लोकांच्या गोष्टी सांगत, पण त्यात सगळे एकदम संत असायचे. त्यांना घरची आठवण येत नसे, त्यांची बायको रागावत नसे आणि त्यांची बोट कधी बंद पडत नसे. पुढे लिव्हिंग्स्टनचं चरित्र नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं, की या माणसाच्या आयुष्यात हे सगळं होतं. आणि त्यातली बोट तर आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी जरूर अभ्यासावी अशी आहे!

त्याचा जन्म १८१३ चा, स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावातला. आई, वडील आणि भावंडं मिळून सगळा संसार एका खोलीत. आपल्या होस्टेलच्या खोलीला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दहाव्या वर्षी तो कापसाच्या गिरणीत लागला. सकाळी सहा ते रात्री आठ, यंत्रावर तुटलेले धागे जोडायचं काम. पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्याने काय घेतलं असेल? लॅटिन व्याकरणाचं पुस्तक! पुस्तक यंत्राला टेकवून ठेवायचं आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचं. रात्री पुन्हा शाळा. पुढे याच गिरणीच्या कमाईवर तो ग्लासगोला डॉक्टरकी शिकला. त्याला जायचं होतं चीनला, पण अफूचं युद्ध सुरू झालं आणि तो रस्ता बंद झाला. त्याच सुमारास त्याला दक्षिण आफ्रिकेत काम करणारे रॉबर्ट मोफॅट भेटले आणि दिशा बदलली.

नोव्हेंबर १८४० मध्ये तो घरून निघाला. आदल्या रात्री बाप-लेक मध्यरात्रीपर्यंत बोलत बसले. पहाटे पाचला सगळे उठले, आईने कॉफी केली, डेव्हिडने बायबलमधली स्तोत्रं वाचली, प्रार्थना झाली. मग तो आणि वडील चालत ग्लासगोच्या धक्क्यावर गेले. तिथे बापाने मुलाला बोटीवर चढवलं आणि मागे वळून घराची वाट धरली. त्या दोघांची भेट पुन्हा झाली नाही. सोळा वर्षांनी लिव्हिंग्स्टन परत येत होता तेव्हा वाटेत कैरोला त्याला वडील गेल्याची बातमी कळली.

आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजावर त्याने वेळ फुकट घालवला नाही. कॅप्टनकडून ताऱ्यांवरून अक्षांश-रेखांश काढायला शिकून घेतलं. आपण सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला कंटाळतो, याने ते नंतर मलेरियाचा ताप अंगात असताना केलं.

आता त्याचा रोजचा दिवस कसा असायचा ते सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तेच आवडलं. १८४५ मध्ये त्याने मोफॅट यांची मुलगी मेरी हिच्याशी लग्न केलं. दोन वर्षांनी ते आजच्या बोट्स्वानातल्या कोलोबेंगला राहायला गेले. सूर्याबरोबर उठायचं, प्रार्थना, सहा-सातच्या दरम्यान नाश्ता. मग बायका, पुरुष, मुलं सगळ्यांची एकत्र शाळा, ती अकरापर्यंत. त्यानंतर डॉक्टरसाहेब कधी लोहार, कधी सुतार, कधी माळी. घर स्वतः बांधलं. दुपारी मेरी लहान मुलांना शिकवायची, मुलींचा शिवणाचा वर्ग घ्यायची. मेणबत्ती आणि साबण घरीच करायचा. खायला काही नसेल तेव्हा टोळ आणि मोठाले बेडूकसुद्धा खाल्ले. संध्याकाळी तो वस्तीत जाऊन गप्पा मारत बसायचा. म्हणजे उपदेश हा दिवसाचा एक भाग, बाकी सगळं वर्कशॉप!

तिथल्या बाक्वेना लोकांचा राजा सेचेले. तो इतका हुशार की मुळाक्षरं पहिल्याच दिवशी शिकला. पण गाव दुष्काळात होतं. लिव्हिंग्स्टनने नदीला बांध घालायला लावला, पाट काढला. पहिल्या वर्षी शेतं पिकली. दुसऱ्या वर्षी नदीच आटली, तेव्हा पाटाने आणायचं काय? आणि सेचेले स्वतः पाऊस पाडणारा म्हणून प्रसिद्ध. त्याने नवा धर्म धरल्यामुळेच पाऊस गेला असं लोकांना वाटू लागलं. १८४८ मध्ये सेचेलेचा बाप्तिस्मा झाला, पण त्यासाठी त्याला पाचपैकी चार राण्या माहेरी पाठवाव्या लागल्या. त्या चौघींचा काय गुन्हा होता? हा निरोप चरित्रात दोन ओळींत येतो, पण मला तो फार वेळ टोचत राहिला. पुढे त्यातल्या एकीला दिवस गेले आणि सेचेलेला मंडळीतून दूर केलं गेलं. गंमत म्हणजे नंतर कित्येक वर्षं सेचेलेनेच आपल्या लोकांत स्वतःच्या पद्धतीने धर्म शिकवला. लिव्हिंग्स्टनने त्याला अपयश मानलं होतं!

मेरीला तिथले लोक मा-रॉबर्ट म्हणत, म्हणजे रॉबर्टची आई. आपल्याकडे बंड्याची आई म्हणतात ना, अगदी तसंच. ही रॉबर्टची आई दोनदा पोरं घेऊन बैलगाडीतून कालाहारीच्या वाळवंटात गेली, दोन्ही वेळा दिवस गेलेले असताना. पहिल्या प्रवासानंतर झालेली मुलगी काही आठवड्यांतच गेली. दुसऱ्या वेळी बाळ वाटेत नदीकाठीच जन्मलं. तिच्या आईने जावयाला पत्र लिहून चांगलंच फैलावर घेतलं होतं, आणि बरोबरच होतं.

मग आला २३ एप्रिल १८५२. केपटाउनच्या बंदरात त्याने मेरीला आणि चार मुलांना इंग्लंडच्या जहाजात बसवलं. मोठा रॉबर्ट सहा वर्षांचा, धाकटा सात महिन्यांचा. दोन वर्षांत येतो असा हिशेब होता. लागली साडेचार वर्षं. इकडे मेरीला धड घर नाही, पैसे नाहीत, सासरी पटेना. तिकडे कोलोबेंगच्या त्यांच्या घरावर बोअर लोकांनी हल्ला करून पुस्तकं फाडली, औषधांच्या बाटल्या फोडल्या. परत जायला घरच उरलं नाही.

या साडेचार वर्षांत त्याने जे केलं त्यामुळे तो जगप्रसिद्ध झाला. माकोलोलो लोकांच्या राजाने दिलेली २७ माणसं घेऊन तो १८५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर लुआंडाला पोचला. अर्धमेला झाला होता. बंदरात ब्रिटिश जहाजं उभी, घरी नेतो म्हणत होती. बायको-मुलं तिकडे वाट बघत होती. पण त्याने बरोबरच्या माणसांना परत घरी पोचवायचा शब्द दिला होता, म्हणून तो जहाजात चढला नाही, उलट जंगलात परत गेला. त्याचे नकाशे आणि पत्रं घेऊन गेलेलं जहाज बुडालं, तर त्याने ते सगळं पुन्हा लिहून काढलं. जर्नल हरवल्यावर आपली काय अवस्था होते, आठवा जरा! १८५५ च्या नोव्हेंबरात त्याने मोसि-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर, हा धबधबा पाहिला आणि आपल्या राणीचं नाव दिलं. १८५६ मध्ये तो पूर्व किनाऱ्यावर निघाला. आफ्रिका आरपार!

इथे माझं मन दोन ठिकाणी ओढलं जातं. २७ माणसांना दिलेला शब्द पाळणारा माणूस मोठाच. पण शब्द मेरीलाही दिला होता ना? तो का मागे पडला? घरचे समजून घेतील असं आपण किती सहज धरून चालतो.

आता ती बोट. १८५८ मध्ये सरकारने त्याला झांबेझी नदीच्या मोहिमेवर पाठवलं. नदीतून व्यापार सुरू झाला की गुलामांचा धंदा बंद पडेल, ही त्याची कल्पना. बोटीचं नाव बायकोवरून मा-रॉबर्ट. पत्रे नव्या प्रकारच्या पोलादाचे, जाडी एक इंचाचा सोळावा भाग. ते गंजून चाळणी झाले. भट्टी इतकी खादाड की एक दिवस चालायला त्याहून जास्त वेळ लाकूड तोडावं लागे. आवाज असा की तिचं नाव दमेकरी पडलं. साध्या होड्या तिला मागे टाकून जात! शेवटी १८६० मध्ये ती वाळूत रुतून बुडाली. त्याहून मोठा घोटाळा नदीचाच होता. काहोरा बासा इथले प्रपात इतके भयंकर, की कुठलीच बोट वर जाणं शक्य नव्हतं. १८५६ मध्ये तो नेमका तेवढा भाग टाळून जमिनीवरून आला होता. साइट व्हिजिट न करता प्रोजेक्ट रिपोर्ट दिला की असं होतं. (त्याच प्रपातांच्या जागी १९७० च्या दशकात धरण झालं. तिथल्या वीजघराची क्षमता २०७५ मेगावॅट आहे. म्हणजे जागा वाईट नव्हती, उपयोग चुकला होता.)

मेरी त्याच्याबरोबर निघाली होती, पण पुन्हा दिवस गेल्यामुळे तिला केपला उतरावं लागलं. मुलगी झाली, अ‍ॅना मेरी. आपल्याला मुलगी झाल्याचं बापाला वर्षभराने कळलं आणि तिचं तोंड त्याने पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. १८६२ च्या सुरुवातीला मेरी अखेर झांबेझीवर नवऱ्याजवळ आली. तीन महिन्यांत तापाने गेली. २७ एप्रिल १८६२. केपटाउनच्या त्या निरोपाला दहा वर्षं आणि चार दिवस झाले होते आणि त्या दहा वर्षांत दोघं एकत्र राहिले ते दोन वर्षांहूनही कमी. शुपांगाला एका गोरखचिंचेच्या झाडाखाली तिला पुरलं. हा सिंहाने दंड फोडल्यावरही न डगमगलेला माणूस, पण त्या दिवशी लहान मुलासारखा रडला.

मोहीम गुंडाळली गेली. हातात लेडी न्यासा नावाची छोटी बोट उरली. ती गुलामांच्या व्यापाऱ्यांना विकायची नाही म्हणून १८६४ मध्ये हा पठ्ठ्या स्वतः कॅप्टन होऊन, झांझिबारहून अडीच हजार मैल समुद्र ओलांडून ती कुठे घेऊन आला? आपल्या मुंबईला! तेही ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, जूनमध्ये. बरोबरच्या सुसीने गोदीत काम धरलं. चुमा नावाच्या गुलामीतून सोडवलेल्या मुलाला त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शाळेत ठेवलं. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे. पुढच्या वर्षी बोट विकून आलेले पैसे बँकेत ठेवले आणि ती बँक बुडाली. अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, तेव्हा मुंबईत बऱ्याच बँका बुडाल्या, त्यातली ही एक. त्याच युद्धात त्याचा रॉबर्ट, ज्याच्या नावाने आईला हाक मारत तो, नाव बदलून सैन्यात शिरला होता आणि अठराव्या वर्षी कैदेत मेला. बापाचा निरोपही नाही.

शेवटच्या प्रवासासाठी त्याने नाशिकहून मुलं घेतली. शरणपूरला मिशनची शाळा होती. अरबांच्या गलबतांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून निघताना बरोबर नऊ नाशिककर मुलं, चुमा, सुसी, शिपाई, उंट आणि म्हशीसुद्धा! पुढची सात वर्षं नाईल नदीचा उगम शोधण्यात गेली. औषधाची पेटी चोरीला गेली. न्यांग्वेच्या बाजारात त्याने डोळ्यांदेखत कत्तल पाहिली. त्याने लिहिलेल्या वर्णनामुळे इंग्लंडमध्ये खळबळ माजली आणि १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. ते ऐकायला तो नव्हता. स्टॅन्लीने घरी चला म्हणून किती विनवलं, पण मार्च १८७२ मध्ये त्यालाही त्याने वाटेवरूनच निरोप दिला.

१८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, पहाटे तो पलंगापाशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत सापडला. आता त्याच्या माणसांनी काय करावं? पुरून आपापल्या वाटेने गेले असते तर कोणी विचारणार नव्हतं. पण त्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. शरीर मीठ लावून उन्हात वाळवलं, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं आणि दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत नेलं. वाटेत लोक अडवू लागले, तेव्हा ते ओझं कापडाच्या गाठोड्यासारखं बांधलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी इथेच पुरा म्हटलं, तर त्यांनाही नाही म्हणाले. लंडनमध्ये ओळख पटली ती सिंहाने मोडलेल्या हाताच्या हाडावरून. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये दफन झालं. शवपेटीबरोबर स्टॅन्ली होता आणि आपला नाशिकचा जेकबही होता. चुमा आणि सुसी मात्र नव्हते. किनाऱ्यावर पगार देऊन त्यांना वाटेला लावलं होतं. नंतर लिव्हिंग्स्टनचा कॉलेजमधला दोस्त, पॅराफिनवाला केमिस्ट जेम्स यंग याने स्वखर्चाने त्यांना बोलावून घेतलं.

हिशेब मांडला तर धर्मांतर एक, तेही मोडलेलं. मोहीम फसलेली, नाईलचा उगम सापडलाच नाही. संसाराचं तर विचारूच नका. शिवाय त्याने दाखवलेल्या वाटांनी पुढे आफ्रिकेवर राज्य करायला लोक गेले, हेही खरंच. मग एवढी माणसं त्याला खांद्यावर घेऊन का निघाली? मला वाटतं, लुआंडाच्या बंदरात तो जहाजात चढला नाही, याचं उत्तर तिथे आहे. त्याने त्यांच्यासारख्यांना घरी पोचवलं होतं, यांनी त्याला पोचवलं.

आपल्यातले कितीतरी जण दोन-तीन वर्षांत परदेशी जातील. स्वप्नं मोठीच असावीत. फक्त जाताना एवढं करा : दिलेले शब्द मोजा, आणि मोजताना घरच्यांना दिलेले शब्द आधी धरा. आई पहाटे उठून कॉफी करते, त्यावेळी दोन मिनिटं जास्त बसा. बस थोडी थांबते!